बहिष्काराचे शस्त्र कुणाच्या हातात? : एका हाताचा आयरिश क्रांतिकारक मायकल डेव्हिट

'बॉयकॉट' हा शब्द आज कुणीही, कशासाठीही वापरतो. सिनेमा बॉयकॉट, साबण बॉयकॉट, दुकान बॉयकॉट. पण बॉयकॉट हे एका माणसाचे आडनाव होते आणि आयर्लंडच्या गरीब कुळांनी त्या आडनावाचे क्रियापद करून टाकले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ज्या संघटनेच्या लढ्यातून हा शब्द जन्मला तिचा संस्थापक मायकल डेव्हिट तर आपल्याकडे जवळजवळ अनोळखीच आहे.

हे अनोळखीपण योगायोगाने आलेले नाही. आपल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांना आयर्लंड चांगले माहीत होते. १९१६ साली टिळकांनी 'होमरूल' हा शब्द तिथूनच आणला. पण आयर्लंडमध्ये होमरूलच्या जोडीला लँड लीगही होती, जमीनदाराविरुद्ध कुळांची संघटना. होमरूल इकडे आले, लँड लीग आली नाही. येणार तरी कशी? टिळकांनी 'केसरी'तून कोकणातल्या खोतांची बाजू घेतली होती. सत्ता इंग्रजाकडून आपल्याकडे यावी एवढेच ज्यांना हवे होते, त्यांना जमिनीचा प्रश्न विचारणारा आयरिश माणूस सोयीचा नव्हता.

आपल्याला मात्र या माणसाशी वेगळ्या कारणाने बोलायचे आहे. बहिष्कार हा शब्द आपल्याला दुसऱ्या टोकाकडून माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७ साली पाक्षिक काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. आयर्लंडमध्ये ज्या शस्त्राने गरीब कूळ ताठ उभे राहिले, तेच शस्त्र आपल्या गावांत गरिबाचा गळा आवळायला वापरले गेले. शस्त्र एकच असताना असे का झाले? डेव्हिट यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

करपा, दुष्काळ आणि घराबाहेर फेकलेले सामान

मायकल डेव्हिट यांचा जन्म २५ मार्च १८४६ रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात, स्ट्रेड या खेड्यात झाला. आदल्याच वर्षी बटाट्यावर करपा पडायला सुरुवात झाली होती. आयर्लंडचा गरीब माणूस बटाट्यावर जगत होता, कारण चांगल्या जमिनीतले धान्य आणि जनावरे जमीनदाराचा खंड भरण्यातच जात होती. बटाटा गेला आणि माणसे मरू लागली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जातच राहिली. सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ती ६६ लाखांच्याही खाली आली. करपा निसर्गाने पाठवला असेल, पण दुष्काळ मालकीहक्काने घडवला.

१८५० साली डेव्हिट कुटुंब खंड थकल्यामुळे बेदखल झाले. मायकल तेव्हा चार वर्षांचा होता. रस्त्यावर फेकलेले सामान, कोसळणारे छप्पर, पेट घेणारे गवत आणि ते बघत उभे असलेले आईबाप, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जन्मभर हलले नाही. कुटुंब आधी स्विनफर्डच्या वर्कहाऊसमध्ये गेले. वर्कहाऊस म्हणजे कंगाल माणसांना कोंडून, कामाच्या बदल्यात पोटापुरते देणारी सरकारी जागा. तिथे तीन वर्षांवरच्या मुलग्यांना आईपासून वेगळे ठेवण्याचा नियम होता. आईने तो ऐकला आणि ती मुलांना घेऊन तडक बाहेर पडली. पुढे हे कुटुंब समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या हॅसलिंग्डन गावी पोचले. गिरण्यांचा तो मुलूख होता.

गिरणीने हात घेतला, तुरुंगाने तारुण्य

मायकल लहानपणीच कापडगिरणीत लागला. ८ मे १८५७ रोजी, अकरा वर्षांच्या या पोराला त्याच्या वयाला न झेपणाऱ्या यंत्रावर उभे केले गेले. दातेरी चाकात उजवा हात सापडला आणि तो कापावा लागला. नुकसानभरपाई म्हणून काहीही मिळाले नाही.

हात गेला म्हणून शाळा मिळाली. गिरणीत निरुपयोगी ठरलेल्या या कॅथलिक पोराला एका स्थानिक उपकारकर्त्याच्या मदतीने मेथडिस्ट पंथाच्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढे तो छापखान्यात काम करू लागला. संध्याकाळी कामगारांच्या वाचनालयात वाचत बसू लागला आणि मताधिकारासाठी लढलेल्या चार्टिस्ट चळवळीच्या विचारांशी त्याची ओळख झाली. आपल्या धर्माबाहेरच्या लोकांनी आपल्याला शिकवले ही जाणीव डेव्हिट यांनी पुढे सोडली नाही. आयर्लंडचा झगडा कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असा मांडणाऱ्यांच्या रांगेत ते कधी बसले नाहीत.

१८६५ साली ते फेनियन म्हणजे सशस्त्र उठावाची तयारी करणाऱ्या गुप्त संघटनेत सामील झाले. १८६७ मध्ये चेस्टरच्या किल्ल्यातली शस्त्रे ताब्यात घेण्याचा बेत फसला, त्यात ते होते. मे १८७० मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर त्यांना पकडले आणि पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. डार्टमूरच्या तुरुंगात एका हाताच्या या कैद्याला दगड फोडायला लावले, गाडीला जुंपले. सात वर्षांहून अधिक काळ आत काढल्यावर डिसेंबर १८७७ मध्ये ते सशर्त सुटले.

तुरुंगाबाहेर आलेला माणूस आत गेलेल्या माणसापेक्षा वेगळा होता. मूठभर गुप्त क्रांतिकारकांनी देश स्वतंत्र होणार नाही, असे त्यांचे मत बनले होते. स्वतंत्र आयर्लंडमध्ये जमीनदार तेच राहणार असतील तर मेयोच्या कुळाने त्या स्वातंत्र्यासाठी जीव का द्यावा? आपल्या चळवळीला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

लँड लीग : आपल्याच धर्माचा मालक

१८७९ साल उजाडले ते पुन्हा वाईट पिकांचे. मेयोतल्या आयरिशटाऊन या गावी २० एप्रिल रोजी कुळांची प्रचंड सभा झाली. सभेचे ठराव डेव्हिट यांनी लिहिले होते. ही सभा ज्या जमिनीच्या खंडावरून भरली तिचा कारभार कुणा इंग्रज प्रोटेस्टंट सरदाराकडे नव्हता, एका कॅथलिक धर्मगुरूकडे होता. म्हणजे आयर्लंडच्या आधुनिक शेतकरी लढ्याची पहिली सभा आपल्याच धर्माच्या, आपल्याच मातीच्या मालकाविरुद्ध झाली. सभेनंतर खंड कमी करावा लागला. पुढच्या सभांवर मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांनी टीका केली, तरीही लोक जमतच राहिले. शोषक आपला की परका हे न बघता तो शोषण करतो का, एवढेच बघायचे, ही लँड लीगची पहिली शिकवण होती.

२१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिनमध्ये 'आयरिश नॅशनल लँड लीग' स्थापन झाली. अध्यक्ष झाले चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल, स्वतः प्रोटेस्टंट जमीनदार आणि पार्लमेंटचे सभासद. डेव्हिट एक सचिव झाले. मागण्या तीन होत्या : रास्त खंड, कुळाला जमिनीवर कायमपणा आणि आपला कुळहक्क विकण्याची मोकळीक. अंतिम ध्येय होते जमीनदारीचाच शेवट.

कॅप्टन बॉयकॉटचे पीक

सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील सभेत पार्नेल यांनी लोकांना विचारले की, बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा माणूस घेतो त्याचे काय करायचे? गोळी घाला, अशी आरोळी उठली. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याच्याशी रस्त्यात, बाजारात, दुकानात, प्रार्थनास्थळातही बोलू नका. जुन्या काळी महारोग्याला जसे वेगळे टाकत, तसे त्याला वेगळे टाका.

त्याच महिन्यात मेयोमधल्या लॉक मास्क येथे या मार्गाची परीक्षा झाली. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता निवृत्त लष्करी अधिकारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. खंडात मागितलेली सूट न देता त्याने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. नोटिसा बजावायला आलेल्या माणसाला गावच्या बायकांनी हुसकावून लावले. मग बॉयकॉटचे गडी काम सोडून गेले. दुकानदार माल देईना, टपाल पोचेना, पीक शेतात उभे राहिले. शेवटी आयर्लंडच्या उत्तर भागातून ५० स्वयंसेवक कापणी-काढणीला आणले गेले आणि त्यांच्या रक्षणासाठी हजाराच्या आसपास सैनिक व पोलीस नेमावे लागले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला सुमारे १०,००० पौंड खर्च झाले. बॉयकॉट वर्ष संपण्याच्या आत आयर्लंड सोडून गेला. गावच्या पाद्र्याने, जॉन ओमॅली यांनी, साध्या माणसाच्या जिभेवर बसेल असा शब्द म्हणून त्याचे आडनावच सुचवले आणि तो शब्द जगभर गेला.

डेव्हिट त्या काळात लीगच्या कामासाठी अमेरिकेत होते. लॉक मास्कचा लढा गावच्या लोकांनीच लढवला. संघटना उभी करण्याचे यश ते हेच, की पुढारी नसतानाही लढा थांबला नाही. फेब्रुवारी १८८१ मध्ये डेव्हिट यांना पुन्हा तुरुंगात टाकले, तेव्हाही तसेच झाले. पुरुष पुढारी आत जाणार हे ओळखून त्यांनी स्त्रियांची लँड लीग काढण्याचा आग्रह धरला होता. अॅना पार्नेल यांच्या नेतृत्वाखाली त्या स्त्रियांनी पुढचे वर्षभर बेदखल कुटुंबांना आसरा दिला आणि चळवळ जिवंत ठेवली. १८८१ च्याच जमीन कायद्याने कुळांना रास्त खंड ठरवून घेण्याचा हक्क मिळाला.

तिथे मुक्ती, इथे फास

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कॅप्टन बॉयकॉटवरचा बहिष्कार यशस्वी का झाला? कारण त्याच्या पिकाला मजूर लागत होते आणि मजूर एकवटले होते. खाली असलेल्यांनी वर असलेल्याची गरज ओळखून ती अडवून धरली. आणि बॉयकॉटला जायला जागा होती. त्याच्यामागे लॉर्ड होता, सैन्य होते, इंग्लंड होते. बहिष्काराने त्याची प्रतिष्ठा गेली, जीव आणि भाकरी गेली नाही.

आपल्या गावात चित्र उलटे होते. महाडच्या सत्याग्रहानंतर, किंवा कुठल्याही गावात महारांनी मेलेली जनावरे ओढायला नकार दिल्यावर, गाव काय करत असे? मजुरी बंद, वाण्याचे दुकान बंद, दळण बंद, गुरांची वाट बंद, विहीर तर आधीच बंद. इथे बहिष्कार टाकणाऱ्याकडे शेत, दुकान, रस्ता, पाटीलकी सगळे होते आणि ज्याच्यावर टाकला त्याच्याकडे आजची मजुरी, बस. त्याच्यामागे ना लॉर्ड, ना सैन्य. पार्नेल यांनी जी उपमा वापरली तीही आठवा : वेगळे टाकलेल्या माणसासारखे वेगळे टाका. आयर्लंडमध्ये ही एका कारभाऱ्याला मिळालेली काही महिन्यांची शिक्षा होती. आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्यांची जन्मजात अवस्था होती. ज्याला जन्मापासूनच वेशीबाहेर ठेवले आहे, त्याच्यावर पुन्हा बहिष्कार टाकणे म्हणजे त्याला उपाशी मारणे.

बाबासाहेबांनी हे अचूक ओळखले होते. अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालाने बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे भयंकर हत्यार असल्याचे नोंदवले. गोलमेज परिषदेपुढील निवेदनात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्याचा नमुना म्हणून ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

लिमरिक १९०४ : शस्त्र उलटले तेव्हा

बाबासाहेबांच्या या भूमिकेचा अर्थ आयर्लंडच्याच मातीत, डेव्हिट यांच्या हयातीत स्पष्ट झाला होता. जानेवारी १९०४ मध्ये लिमरिक शहरात फादर जॉन क्रे नावाच्या पाद्र्याने प्रवचनातून ज्यूंविरुद्ध विष ओकले आणि त्यांच्याशी व्यवहार तोडा असे सांगितले. शहरातले ज्यू जेमतेम काही डझन कुटुंबे होती, बहुतेक फेरीवाले आणि छोटे व्यापारी. त्यांच्यावर हल्ले झाले, गिऱ्हाईक तुटले, देणे बुडवले गेले, काही कुटुंबांना शहर सोडावे लागले. हत्यार तेच होते, नावही तेच, बॉयकॉट. आर्थर ग्रिफिथ यांच्यासारख्या राष्ट्रवादी संपादकाने त्याची पाठराखण केली.

डेव्हिट त्याच्या आदल्याच वर्षी रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह येथे जाऊन आले होते. तिथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीची त्यांनी जागेवर चौकशी केली होती आणि त्यावर पुस्तकही लिहिले होते. लिमरिकची बातमी येताच त्यांनी वृत्तपत्रात जाहीर निषेध केला, आयरिश म्हणून आणि कॅथलिक म्हणून. ज्या लँड लीगमुळे बॉयकॉट जगाला ठाऊक झाला तिचाच संस्थापक, धर्मगुरूच्या हाकेविरुद्ध उभा राहिला. हा त्यांच्या आयुष्यातला विरोधाभास मानू नका. आयरिशटाऊनला त्यांनी जे केले तेच लिमरिकला केले. दोन्ही वेळी त्यांनी आपला धर्म न बघता, कोण दाबतो आणि कोण दबतो एवढेच पाहिले.

अर्थात त्यांचेही दैवत करायचे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या निषेधार्थ त्यांनी १८९९ मध्ये पार्लमेंटची जागा सोडली, हे मोठे पाऊल होते. पण बोअरांच्या स्वातंत्र्याचे गुणगान करताना, त्याच बोअरांनी ज्यांची जमीन हिसकावली ती काळी जनता त्यांच्या न्यायबुद्धीच्या कक्षेत आली नाही. विभूतिपूजेविरुद्ध इशारा देणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हेही सांगितले पाहिजे.

बहिष्काराच्या मुळाशी जमीन

डेव्हिट यांचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विचार वेगळाच आहे. १८८२ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी जाहीर केले की जमीन राष्ट्राच्या मालकीची झाली पाहिजे. पार्नेल आणि लीगच्या बहुसंख्य पुढाऱ्यांना कुळे जमिनीची मालक झाली की काम संपले असे वाटत होते. डेव्हिट यांचे म्हणणे होते की त्याने जमीनदारांची संख्या वाढेल, जमीनदारी मरणार नाही. कूळ मालक झाले तरी त्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे काय? या मतामुळे ते आपल्याच चळवळीत एकटे पडले. १९०३ च्या कायद्याने सरकारने कर्ज देऊन कुळांना जमिनी विकत घेऊन दिल्या. त्या अटी जमीनदारांच्या फायद्याच्या आहेत म्हणून डेव्हिट यांनी विरोध केला. आयर्लंडमध्ये छोटे मालक झाले. मजूर तसाच राहिला आणि बराचसा बोटीत बसून परदेशी गेला.

आता हे महाराष्ट्राशी जोडून पाहा. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळ कायदा आला, 'कसेल त्याची जमीन' झाली. पण सातबारावर नाव कुणाचे लागले? ज्याचे कूळ म्हणून नाव होते त्याचे. ज्याचे नावच नव्हते, जो फक्त मजूर होता, तो भूमिहीनच राहिला, आणि त्यात आपली माणसे किती होती हे वेगळे सांगायला नको. कालचे कूळ आज गावचे मालक झाले आणि बहिष्काराची चावी खोताच्या हातून त्यांच्या हातात गेली.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्या, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी मागणी केली. डेव्हिट आणि बाबासाहेब वेगळ्या मातीतले, वेगळ्या वाटांनी आलेले. तरीही दोघेही एकाच निष्कर्षाला पोचले, कारण दोघांनीही प्रश्न सर्वांत खालच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिला. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह हा त्याच निष्कर्षाचा पुढचा भाग होता.

३० मे १९०६ रोजी डेव्हिट वारले. दात काढल्यावर रक्तात विष पसरण्याचे निमित्त झाले. वय साठ. ज्या स्ट्रेड गावातून त्यांना चार वर्षांचे असताना हाकलले होते, तिथेच त्यांचे दफन झाले.

आज काय करायचे?

बॉयकॉटची कुठलीही हाक कानावर आली की आधी विचारा : हा बहिष्कार कुणाकडून कुणावर चालला आहे? खालून वर जात असेल, कामगाराकडून मालकावर, ग्राहकाकडून बड्या कंपनीवर, तर तो लॉक मास्कचा वारसा आहे. वरून खाली येत असेल, बहुसंख्याकाकडून फेरीवाल्यावर, गावाकडून वस्तीवर, जातपंचायतीकडून प्रेमविवाह केलेल्या जोडप्यावर, तर तो लिमरिकचा वारसा आहे. धर्माच्या नावाने 'त्यांच्याकडून भाजी घेऊ नका' म्हणणाऱ्या टोळीत आपला एकही तरुण दिसता कामा नये.

दुसरे म्हणजे कायदा वापरा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी जे मागितले ते कागदावर यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. फिर्याद लिहिताना 'गावाने वाळीत टाकले' एवढेच लिहून थांबू नका. दुकान कोणत्या तारखेपासून बंद, मजुरी कुणी नाकारली, पाणी कुणी अडवले, हे नावानिशी लिहा.

आणि तिसरे, जमिनीचा प्रश्न सोडू नका. गायरान, वतनाची जमीन, अतिक्रमण नियमित करण्याचे अर्ज हे कंटाळवाणे काम वाटते. पण ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, त्याला वाळीत टाकणे गावाला जड जाते. जयंतीच्या मिरवणुकीत जेवढे तरुण असतात त्यांच्यातले निम्मे जरी तलाठ्याच्या चावडीवर गेले, तरी पुष्कळ सातबारे बोलू लागतील.